जोडीने खायची पुरी

पोर्ट लुईच्या मोठ्या बाजाराच्या फाटकापाशी एक माणूस मोटारसायकलच्या मागे काचेची पेटी बांधून उभा असतो. पेटीत पिवळसर, तलम पुऱ्यांची चळत आणि बाजूला झाकणाचे तीन-चार डबे. माझ्या पुढच्या बाईने नुसती मान हलवली. त्याने चळतीतल्या दोन पुऱ्या एकीवर एक जरा सरकवून पसरल्या, एका डब्यातली दाट उसळ, दुसऱ्यातला टोमॅटोचा लालभडक रस्सा, तिसऱ्यातली कोथिंबिरीची चटणी असं भराभर घातलं, वळकटी केली आणि कागदात बांधून तिच्या हातात ठेवली. माझी पाळी आली. "एन पेर?" मला क्रिओल येत नव्हती, तरी मी हो म्हटलं. "आवेक पिमा?" त्यालाही हो म्हटलं. पहिल्या प्रश्नाचा अर्थ 'एक जोडी का?' आणि दुसऱ्याचा 'तिखट घालून का?' हे मला ऑफिसात पोचल्यावर कळलं.

दाल पुरी जोडीनेच घ्यायची रीत आहे. नाव पुरी असलं तरी ती तळलेली नसते; तव्यावर तेलाचा हात फिरवून भाजतात. बाजाराच्या भिंतीला टेकून मी पहिला घास घेतला. आत हळद घालून शिजवलेली, वाटलेली डाळ, तिला जिऱ्याचा वास, आणि कुठेच कणभर गोडी नाही. जीभ गुळाची वाट पाहत राहिली. मराठी माणसाला पोळीत भरलेली डाळ ठाऊक असते ती पुरणाचीच.

रात्री आठला आईला फोन लावला. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे आमच्या गावी साडेनऊ. कसबे शिवथरात एवढ्या रात्रीपर्यंत कोणी जागं राहत नाही. त्यात घरात रेंज येत नाही, म्हणून आई अंगणाच्या कडेला फणसाखाली येऊन बसायची. मी तिकडे होतो त्या दोन वर्षांत पावसाळ्याचे दिवस सोडले तर तिने हा नेम मोडला नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय जेवलास?"

"पुरणपोळी. पण गूळ न घातलेली."

"का? गूळ न्हाय मिळत तिकडं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात नंतर कित्येक दिवस राहिला. विमान उतरताना खिडकीतून दिसतो तो ऊसच. 1639 मध्ये डचांनी तो बेटावर आणला, फ्रेंचांनी वाढवला, आणि 1810 मध्ये बेट इंग्रजांच्या हाती गेल्यावर तर माणसंही उसासाठीच आणली जाऊ लागली. त्या बेटावरच्या सगळ्यांत लाडक्या खाण्यात साखरेचा कण नाही.

आमचं शिवथर बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते घळीमुळे. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी श्रद्धा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1930 मध्ये ही घळ शोधून काढली, त्यानंतर इथे माणसांचा राबता सुरू झाला. पण मी सांगतोय ते घळीबाहेरच्या शिवथरचं, वरंध घाटाच्या पायथ्याशी तिन्ही बाजूंनी डोंगर उभे असलेल्या खोऱ्याचं. खाली भाताची खाचरं, वर उतारावर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरी. भात कापून झालं की जमिनीत ओल आहे तोवर त्याच खाचरात वाल नाहीतर पावटा पेरायचा. पावसाच्या तोंडाशी टाकळा, कुर्डू, भारंगी. पहिल्या पुरात ओढ्याला चढणीचे मासे, रात्री बत्ती घेऊन मुठे. समुद्र आमच्या जिल्ह्यात आहे, आमच्या गावात नाही. आमच्यापर्यंत तो सुकट आणि बोंबील होऊन बिरवाडीच्या, महाडच्या बाजारातून यायचा, आणि तोही माझ्यापुरता नि बाबांपुरता, कारण आई माळकरी. तिच्या चुलीवर सुकट चढायची नाही. मागच्या पडवीत बाबा वेगळी चूल मांडायचे.

या ताटावर वाढलेला मी पुण्यात आठ वर्षं नोकरी करून कंपनीतर्फे पोर्ट लुईला गेलो. बॅगेत कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, मेतकूट होतं. पहिल्या महिन्यात रोज रात्री खोलीवर पिठलं केलं. दुपारचं मात्र बाहेर खावं लागे, आणि त्या दुपारच्या खाण्याचा हिशोब आईला द्यावा लागे. तिला समजावं म्हणून मी प्रत्येक पदार्थाला आपलं नाव लावत गेलो. दाल पुरीतली उसळ ग्रो प्वाची, म्हणजे आपल्याकडे वाण्याकडे डबल बी म्हणून मिळतो त्या मोठ्या पांढऱ्या दाण्याची. आईला सांगितलं, "वालाची उसळ." डाळ भरड वाटून त्यात कांद्याची पात आणि मिरची घालून तळलेले छोटे गोळे, गातो पिमा. सकाळी लोणी लावलेल्या गोल पावात घालून खातात. "डाळवडा." रताळं उकडून त्याच्या पारीत ओलं खोबरं, साखर, वेलची भरून अर्धचंद्र दुमडतात नि तळतात, गातो पाताट. "करंजी." बाजारातल्या सरबताच्या दुकानात दुधात सब्जा नि आगर घालून देतात, ते आलुदा. "फालुदा." शेवग्याच्या पाल्याचं आणि लसणीचं नितळ पाणी भातावर ओतून खातात, ब्रेद मुरुम. "शेवग्याची भाजी, पाणी जास्त झालेली."

यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं. फालुदा आणि आलुदा तर एकाच शब्दाची दोन रूपं. ब्रेद मुरुममधला मुरुम हा तमिळ मुरुंगै. कोथिंबिरीला तिथे कोतोमिली म्हणतात, तोही तमिळच. भाजीबाजारात पहिल्याच फेरीत दोडका, पडवळ, कारली, अळू बघून मला भरून आलं होतं. नोटेवर देवनागरी अक्षरं बघून असंच झालं होतं. परक्या गावी माणूस आधी ओळखीचं शोधतो, आणि पोर्ट लुईत ते पावलोपावली सापडतं.

बंदरावर आप्रवासी घाट आहे. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, पाण्याकडून वर येणाऱ्या. एका रविवारी मी तिथे गेलो. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर उतरले आणि तिथून 1920 पर्यंत जवळजवळ साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली. गुलामगिरी 1 फेब्रुवारी 1835 ला संपली. उसाच्या मळ्यांना हात हवेच होते, ते करारावर आणले. 2006 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. फार मोठी वास्तू नाही. दवाखान्याच्या खोल्या, शेड, मोरी आणि या पायऱ्या. मी पायरीवर हात ठेवला. तोच दगड, आमच्या घळीचा. बारीक भोकं असलेला, उन्हात तापणारा काळा दगड.

दगडाचं हे साम्य नुसतं दिसण्यातलं नाही, हे तिथल्या एका सहकाऱ्याकडून कळलं. हिंदी महासागराच्या तळाशी, आज रियुनियन बेट आहे तिथे, पृथ्वीच्या पोटातून वर येणारा एक तप्त झरा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हिंदुस्थानचा भूखंड त्याच्यावरून सरकत होता, तेव्हा लाव्हाचे थरावर थर ओतले गेले आणि दख्खनचं पठार नि सह्याद्री झाला. भूखंड उत्तरेकडे निघून गेला. चूल तिथेच राहिली. 80-90 लाख वर्षांपूर्वी त्याच चुलीने मॉरिशस घडवलं. पोर्ट लुईच्या डोक्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला ल पूस डोंगर आणि आमच्या डोक्यावरचे वरंध्याचे कडे एकाच विस्तवाचे. हे ऐकलं त्या दिवशी मी फार आनंदात होतो. आपलं, आपलं, सगळं आपलंच, असं मनात घोळवत घरी आलो.

आप्रवासी घाटावर मजुरांच्या शिध्याचीही माहिती आहे. पगाराबरोबर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. बिहारच्या भोजपुरी मुलखातून आलेल्यांची संख्या सर्वांत मोठी, आणि दालपुरी त्यांची. त्यांच्याकडे ती खिरीबरोबर खातात. मॉरिशसमध्येही पूजेच्या दिवशी घरोघरी तशीच वाढतात. म्हणजे तिच्यातून गूळ कोणी काढलेला नव्हता. ती गुळाची कधी नव्हतीच. मी एका दुसऱ्याच घरच्या पोळीला आपली पोळी म्हणून हाक मारत होतो आणि वर तिच्यात उणीव काढत होतो. घाटाच्या पायऱ्यांवर बसून मला याचं वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात आई फोनवर म्हणाली, "सगळं आपल्यावानीच हाय म्हणतोस. मग तू लांब गेलास कुठं?"

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. शिवथरहून पंढरपूर आणि पुणे याखेरीज ती कुठे गेलेली नाही. तिचा मुलगा समुद्रापलीकडे आहे, तर तिकडचं काही निराळं तिच्या कानी पडावं ही तिची इच्छा होती, आणि मी तिला रोज शिवथरच वाढत होतो. मी ठरवलं की यापुढे 'आपल्यासारखं' हा शब्द वापरायचा नाही.

सोपं नव्हतं ते. रॉयल रोडला चायनाटाऊन आहे. जवळच 1850 च्या दशकात बांधलेली जुम्मा मशीद, आणि दोन्हींच्या मध्ये मसाले, कापड, हार्डवेअर यांची दुकानं. चिनी लोक इथे आले ते मुख्यतः हक्का आणि कँटोनीज. त्यांच्या खानावळीत मी पहिल्यांदा मिन फ्री खाल्ली. परतलेल्या शेवया म्हणायला जीभ वळली होती. पण शेवई मऊ पडते, हिला चावताना एक ताण असतो. मोठ्या जाळावर लोखंडी कढई अशी तापलेली असते की सोया सॉस कडेला लागल्याबरोबर जळतो, आणि तो जळका वास प्रत्येक धाग्याला चिकटतो. वर देतात लसूण ठेचून घातलेलं आंबट पाणी, दिलो लाय. ते चमच्याने शिंपडायचं. शेजारच्या टेबलावर बुरख्यातल्या दोन मुली, पलीकडे कपाळाला विभूती लावलेले एक आजोबा, सगळ्यांसमोर तीच बशी, सगळे तेच पाणी शिंपडतात. दुसऱ्या दिवशी तिथेच बोल राव्हेर्से खाल्लं. वाडग्याच्या तळाशी तळलेलं अंडं, त्यावर परतलेलं चिकन नि भाज्यांचा दाट रस, त्यावर भात दाबून बसवायचा आणि वाडगा बशीत पालथा घालून उचलायचा. अंडं माथ्यावर येतं. 'मूद' हा शब्द तोंडाशी आला, पण आईला तो सांगितला नाही. सांगितलं, "वाडगा पालथा घालतात, मग तळाचं वर येतं, आणि आधी सगळे तेच फोडतात. पिवळं भातावरून खाली ओघळतं." ती म्हणाली, "बरं दिसत असंल." अंडं न खाणाऱ्या माझ्या आईला ते दिसलं.

मी राहायचो ती खोली एका क्रिओल विधवा बाईंच्या घराच्या माडीवर होती. सगळे त्यांना मादाम म्हणत, मीही. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेले गुलाम. जहाजाच्या कागदांवर नावंही धड नाहीत, एवढंच त्या सांगायच्या, आणि 1 फेब्रुवारीला न चुकता चर्चमध्ये मेणबत्ती लावायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मी खरा खायला शिकलो. पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं ते वासामुळे. मी जिन्यात थांबलो होतो. खाली खारवलेला मासा भिजवून, तळून, टोमॅटोत शिजत होता, रुगाय प्वासों साले. टोमॅटोला क्रिओलमध्ये पोम दामूर, प्रेमाचं फळ. खाऱ्या माशाचा तो वास मला थेट बाबांच्या मागच्या पडवीत घेऊन गेला. पण वासात आणखी एक काहीतरी होतं, बाबांच्या चुलीवर कधीच नसलेलं. मादामनी काडीएवढ्या फांद्यांची जुडी दाखवली. थाइम. फ्रेंचांच्या घरातून आलेली पाती, मादामच्या घरी कढीपत्त्याशेजारी मडक्यात लावलेली.

हा वास आईला कसा सांगावा? मी दोन दिवस विचार केला. रानातला म्हणावा तर कुठल्या रानातला? उग्र म्हणावा तर तो मऊही आहे. शेवटी म्हटलं, "आई, असा वास आपल्याकडे नाहीच. पाती चुरडली की आधी नाकात चढतो, मग जिभेवर जरा थंड, जरा कडवट. पोट हलकं झाल्यासारखं वाटतं."

"ओव्यावानी?"

मी गप्प झालो. सकाळी खाली जाऊन मादामच्या मडक्यातली पाती चुरडून पुन्हा वास घेतला. होता ओवा. दुरून, पण होता. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की थाइममध्ये आणि ओव्यात मुख्य गंधद्रव्य एकच, थायमॉल. न पाहिलेल्या पानाचं मर्म माझ्या आईने फणसाखाली बसून सांगितलं होतं. मी 'आपल्यासारखं' म्हणायचो तेव्हा पदार्थ नीट न चाखताच त्याला ओळखीच्या डब्यात टाकून मोकळा व्हायचो. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं.

मादामच्या परसात एक सपाट काळा दगड आहे, दोन विटांवर कललेला. रोश कारी. मसाला त्याच्यावरच वाटायचा, मिक्सर घरात असला तरी. धणे, हळकुंड, लसूण, सुकी मिरची, पाण्याचा शिपका देत देत. वरचा लांबट गोल दगड हातात देताना त्या म्हणाल्या, "बाबा." मला वाटलं मला हाक मारतायत. मग कळलं, त्या दगडाचंच नाव बाबा, क्रिओलमध्ये तान्हं मूल. मोठा दगड आई, तिच्या अंगावर लोळणारा तो बाळ. हे सांगितलं तेव्हा आई खूप वेळ हसली आणि म्हणाली, "मग पाळण्यात घालतात का त्याला?" आमच्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यातून फिरवतात. मादामना मी हे इंग्रजीत आणि हातवारे करून समजावलं. त्यांनी वरवंटा उचलून छातीशी धरला, दोन वेळा हलवला आणि पुन्हा मसाला वाटायला बसल्या.

उरित म्हणजे ऑक्टोपस. ही माझी सर्वांत अवघड पायरी होती. मी कोकणातला म्हणून सहकाऱ्यांना वाटायचं याला समुद्राचं सगळं येत असणार. आमच्या खोऱ्यात ताजा समुद्री मासाच विरळा, तिथे हे आठ पायांचं जनावर कुठलं? मादाम त्याला दगडावर आपटून आपटून नरम करत, उकडत, मग मोहरीची पूड, हळद, व्हिनेगर, आख्खी लसूण, उभा कांदा आणि हिरव्या मिरचीत घोळवत. याला विंदाय म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, गोव्यातल्या विंदालूचा सख्खा भाऊ, पण चव वेगळ्या वाटेने गेलेली. विंदालू लाल नि जड. विंदाय पिवळं, मोहरीने नाकात जाणारं, खायचं ते थंड आणि दुसऱ्या दिवशी. पहिला तुकडा मी डोळे मिटून तोंडात टाकला. रबरासारखा असेल ही भीती होती. तो दातांना थोडा अडला आणि मग सुटला, आत गोडसर, समुद्राचं मीठ असलेला. दुसऱ्या तुकड्याला डोळे उघडे होते. पावाबरोबर बशी पुसून खाल्ली. त्या रात्री आईला काय सांगावं असा प्रश्न होता. ती माळकरी. मी सांगितलं, "आज असं खाल्लं, जे तुला सांगता येणार नाही." ती म्हणाली, "पोट भरलं ना? झालं तर."

या बेटावर मूळचं माणूस कोणीच नव्हतं. 1598 मध्ये डच उतरले तेव्हा इथे डोडो होते, कासवं होती, माणूस नव्हता. जो आला तो बाहेरून, कोणी मालक म्हणून, कोणी साखळीत, कोणी करारावर, कोणी दुकान टाकायला. म्हणून इथे कोणाचंही खाणं पाहुण्याचं नाही. चिनी माणसाच्या गाडीवर भोजपुरी मिरचीची चटणी असते, मुसलमानांच्या लग्नातली देगची बिर्याणी क्रिओल बाई रविवारी घरी करते, आणि दाल पुरी कोणत्याही धर्माचा माणूस रांगेत उभा राहून घेतो. भांडणं इथेही आहेत. राजकारणात जात नि जमात मोजली जाते, आणि मादामच्या माणसांना अजून पुष्कळ मागे राहावं लागतं, हे त्या घरात राहिल्यामुळे मी जवळून पाहिलं. पण जेवणाच्या रांगेत मला ते दिसलं नाही.

गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्याने मला त्याच्या घरी नेलं, पश्चिम किनाऱ्याजवळ कास्काव्हेलला. त्याचे पूर्वज मुंबई बंदरातून आलेले. त्यांच्यात पणजोबाचं पहिलं नावच पुढे आडनाव झालं, म्हणून रामजी, बाबाजी, सखाराम अशी आडनावं ऐकू येतात. घरात क्रिओल बोलतात. मराठी शाळेत शिकतात, आरतीत म्हणतात. संध्याकाळी पोरांनी फेर धरला, झाकरी म्हणतात त्याला. आमच्याकडच्या जाखडीचाच तो ठेका, ढोलकी आणि पायांतले चाळ. मी टाळी धरली आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

जेवायला केळीचं पान. पानावर तांबड्या भोपळ्याची, कच्च्या फणसाची, हिरव्या केळ्याची भाजी, ग्रो प्वा, चिंच घालून शिजवलेला अळू, भाजलेल्या खोबऱ्याची पुदिना घातलेली चटणी, पातळ रासों, पुऱ्या, भात. आणि मोदक. गव्हाच्या पारीचे, तळलेले, आत खोबरं, साखर, वेलची. घरातली आजी वाढत होती. मी म्हटलं, "आजी, आमच्याकडे उकडीचे करतात. तांदळाच्या पिठाचे."

तिने माझ्याकडे पाहिलं. अडखळत्या मराठीत म्हणाली, "इथं भात न्हाय पिकत. हे आमचे." आणि आणखी दोन वाढले.

मी दोन्ही खाल्ले. खुसखुशीत पारी, आत खोबऱ्यात थोडी व्हॅनिलाही असावी. शेजारच्या रियुनियनची व्हॅनिला नावाजलेली. जेवण झाल्यावर आजी ओटीवर येऊन बसली. तिच्या घराण्याच्या कागदावर गावाच्या जागी फक्त बंदराचं नाव आहे. मी महाड, पोलादपूर, बिरवाडी अशी गावं सांगत गेलो. ती ऐकत राहिली, एकावरही थांबली नाही. मग तिने एकच विचारलं, "तिकडं गणपतीला पाऊस असतो?" तिथे सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याचा शेवट, हवा कोरडी, गार. मी म्हटलं, "धो धो. गणपती डोक्यावर घेऊन, इरली पांघरून लोक ओढ्यावर जायचे." ती हसली, जणू कशाची तरी खात्री पटली.

जानेवारीत मी परत आलो. मुंबईहून रात्रीच्या एसटीने महाड, तिथून बिरवाडी, तिथून घरी. खाचरांत पावटा लोंबत होता. चौथ्या दिवशी बिरवाडीहून पिवळ्या वाटाण्याची डाळ आणली. आईने विचारलं काय करणार, मी म्हटलं, "बघ."

डाळ हळद घालून बोटचेपी शिजवली, चाळणीत निथळली. खालचं पाणी आई आमटीला बाजूला ठेवायला निघाली, तिला थांबवलं. दाल पुरीची कणीक त्याच पाण्यात भिजवतात. डाळ कोरडी वाटून जिरं घातलं. शेतातल्या पावट्याची दाट उसळ केली. ग्रो प्वा नव्हता, पावटा होता, आणि मी तो पावटाच म्हणून शिजवला. टोमॅटोत आलं, लसूण, आणि बॅगेतून आणलेली सुकी थाइम. आईने चिमूट हातावर घेऊन चुरडली, वास घेतला, काही बोलली नाही. कोथिंबिरीची चटणी मात्र तिने स्वतः पाट्यावर वाटली. पुऱ्या लाटताना दोन फाटल्या. तिसरीपासून जमल्या.

चुलीपुढे पाट मांडून तिला वाढली. एकीवर उसळ, चटणी, वळकटी. तिने पहिला घास घेतला आणि सावकाश चावत राहिली. बाबा दारातून बघत होते. बाहेर घळीच्या बाजूने गार वारा येत होता. तिने विचारलं नाही की गूळ का नाही. ती पुरी संपली, तिने हात ताटावर धरला.

"एकच दिलीस? जोडीनं खातात म्हणालास ना?"